नंदावहिनींची हलकी बिअर

पहिली बाटली फुटली तेव्हा मला वाटलं, दादांनी वहिनींना मारलं.

रविवारची सकाळ होती, दहाचा सुमार. मी माझ्या खोलीत केस विंचरत होते. धाडकन आवाज झाला आणि पाठोपाठ काच सांडली. मी दाराच्या मुठीवर हात ठेवला आणि तिथेच थांबले. मनातल्या मनात आकडे मोजत राहिले. तेराला दुसरा आवाज झाला, लगेच तिसरा, आणि मग वहिनींचा वैतागलेला सूर ऐकू आला, "आयला, ही पण गेली."

दादा असे लागोपाठ आवाज करत नसत, म्हणून मी दार उघडलं.

वरच्या पॅसेजमध्ये नंदावहिनी भिंतीला टेकून बसल्या होत्या. डाव्या भुवईवर टॉवेल दाबलेला, आणि टॉवेल भिजून रक्त कोपरापर्यंत आलेलं. समोरच्या कपाटाच्या फटीतून तपकिरी फेस कार्पेटवर उतरत होता.

"बघत काय उभी राहिलीस, कॉन्व्हेंट? दार दाबून धर. आत अजून सदतीस हाईत."

मी पाठ लावून दार दाबलं. आत चौथी फुटली, ती मला मणक्यात जाणवली.

ब्रॅकनेलमधलं ते घर प्रकाशदादा आणि नंदावहिनींचं, म्हणजे त्यांनी भाड्याने घेतलेलं. त्यातली सगळ्यात लहान खोली त्यांनी मला दिली होती. २००५ साल होतं, मी चोवीस वर्षांची होते आणि पुण्याहून तिथल्या एका ऑफिसात सॉफ्टवेअर टेस्टिंगला आले होते. पहिल्या दिवशी मी "काकू" म्हटलं, तर म्हणाल्या, "काकू म्हणशील तर चहात दूध मिळणार न्हाई. वहिनी म्हण." मी इंग्रजी शाळेत शिकलेली, म्हणून माझं नाव त्यांनी कॉन्व्हेंट ठेवलं. माझ्या शाळेत एकही नन नव्हती, हे मी सांगितलं नाही. तेव्हा मी फारसं काहीच कुणाला सांगत नसे.

वहिनी एक्केचाळीसच्या होत्या. बुटक्या, रुंद मनगटांच्या, चालताना टाचा आपटणाऱ्या. चारचौघांत त्या पुणेरी बोलायच्या, दादांना तसंच बोललेलं लागायचं. माझ्याशी मात्र आपल्या सांगलीकडच्या बोलीत बोलायच्या. सुपरमार्केटांना सँडविच पुरवणाऱ्या एका फॅक्टरीत त्या नोकरीला होत्या. आधी ब्रेडला बटर लावायला घेतलं होतं, दोन वर्षांत त्या थंड खोल्यांचं तापमान तपासणाऱ्या सुपरवायझर झाल्या. फॅक्टरीतला थर्मामीटर कायम त्यांच्या खिशात असायचा. मी मायक्रोवेव्हमधून भात काढला की त्यात तो खुपसायच्या. "बासष्ट. परत ठेव." मी म्हणायचे, वहिनी, गरम आहे की. "अंदाजानं माणसं मरतात, कॉन्व्हेंट."

हे वाक्य त्या दिवसातून चारदा तरी म्हणायच्या. मिठाला, बसच्या वेळेला, कशालाही.

प्रकाशदादा बँकांच्या सॉफ्टवेअरमध्ये होते. उंच, बोलायला मऊ. तिथल्या मराठी मंडळाच्या गणपतीत सगळ्या आरत्या पुस्तक न बघता म्हणायचे. भारतातून कुणी नवीन आलं की एअरपोर्टवर आणायला जायचे. मलाही त्यांनीच आणलं होतं आणि गाडीत विचारलं होतं, "अनुजा, मागे थंडी नाही ना वाजत?"

मारण्याआधी दादा खिडक्या लावायचे.

इथल्या दुहेरी काचेच्या खिडक्यांची मूठ फिरवली की टक असा आवाज येतो. आधी बैठकीच्या खोलीची, मग स्वयंपाकघराची, मग जिन्यावरची. तीन टक. मग टीव्ही मोठा व्हायचा. राहायला आल्यावर दुसऱ्याच आठवड्यात मला हा क्रम पाठ झाला. त्यानंतरचा आवाज फार नसायचा. कणकेचा गोळा ओट्यावर आपटावा तसा. वहिनी ओरडायच्या नाहीत. दुसऱ्या दिवशी भर जूनमध्ये पूर्ण बाह्यांचं काहीतरी घालून पोळ्या करायच्या. माझी नजर मनगटाकडे गेली तर म्हणायच्या, "बघू नकोस. पोळी घे."

एकदा मी धीर करून म्हटलं, "वहिनी, इथे पोलिसांना फोन केला तर ते येतात."

"येतात की. मग?" त्यांनी पोळी उलटली. "यांची नोकरी गेली की व्हिसा गेला. यांच्या व्हिसावर मी हाय. मग मला विमानात बसवतील. माझे वडील न्हाईत आता. भाऊ म्हणंल, नवऱ्याकडं जा. फॅक्टरीत अकरा बायका माझ्या हाताखाली हाईत, कॉन्व्हेंट. मी काढलेला आकडा तिथं मॅनेजरसुद्धा खोडत न्हाई. ते सोडून जाऊ?"

मग त्यांनी मला हिशेब सांगितला. ते दोघं २००२च्या उन्हाळ्यात आले होते. चार वर्षं पूर्ण झाली की कायम राहण्याचा शिक्का मिळतो, आणि तो प्रत्येकाच्या पासपोर्टवर स्वतंत्र असतो. तो एकदा बसला की त्या कुणाच्या व्हिसावर नसणार. तोवर घरातली कुठलीही गोष्ट बाहेर जायला नको होती आणि त्यांचं हाड मोडायला नको होतं. राहिले होते चौदा महिने.

बिअर त्या चौदा महिन्यांसाठी होती.

दादा दुकानातले बिअरचे कॅन आणायचे, नऊ टक्के अल्कोहोलवाले. वहिनींनी आकडे ठेवले होते. चार टक्केवाले आणले त्या आठवड्यांत काय झालं, नऊवाले आणले तेव्हा काय. त्यांना कुठलाही भ्रम नव्हता. "दारू मारत न्हाई, हेच मारतात. न पितासुद्धा मारतात. पण पिऊन मारलं की कधी थांबायचं ते कळत न्हाई यांना."

एका शनिवारी आम्ही जुन्या वस्तूंच्या चॅरिटीच्या दुकानात गेलो होतो. तिथे झाकणाची मोठी पांढरी बादली होती, तिच्यात नळ्या, बुचं मारायचं यंत्र आणि एक काचेची कांडी. घरी बिअर करण्याचं कुणाचं तरी सामान. वहिनींनी ती कांडी उचलून उजेडात धरली आणि हसल्या. त्यांना मी तशा हसताना त्याआधी पाहिलं नव्हतं.

"अगं, हे तर आमच्या डेअरीतलं. दुधात पाणी किती ते बघायचं."

त्यांचे वडील, आण्णा, गावातलं दूध संकलन केंद्र चालवायचे. दुधात अशी कांडी सोडायची, ती किती बुडते त्यावरून पाणी घातलेलं कळतं. वहिनी बारा वर्षांच्या असताना आण्णा तापाने पडले आणि त्यांच्या जागी त्या बसल्या. गावच्या सरपंचाचा गडी दुधाचा कॅन घेऊन आला. कांडी बावीसवर, चांगल्या दुधाला अठ्ठावीस तरी हवेत. वहिनी म्हणाल्या, घेणार नाही. तो म्हणाला, पोरी, तुझ्या बापाला विचार. वहिनींनी अख्खा कॅन त्याच्या पायांवर ओतला. त्याने थोबाडीत मारली तेव्हा त्यांनी त्याचं मनगट दातांत धरलं, आणि दोन माणसांनी जबडा उघडेपर्यंत सोडलं नाही.

"रक्ताची चव आली तोंडात. दुधापेक्षा दाट हुतं," त्या म्हणाल्या. हे सांगताना त्यांचा चेहरा अगदी शांत होता. मग आण्णांनी काय केलं, मी विचारलं. "त्यांनी पण मारलं. कॅन ओतला म्हणून. पण रोजच्या वहीत 'बावीस' तसंच ठेवलं. म्हणाले, लेबल कुणीबी काहीबी लावू दे, वहीत खोटं लिहायचं न्हाई."

बसमध्ये बादली मांडीवर घेऊन बसल्यावर त्यांनी मला बेत सांगितला. "दुकानातल्या डब्यावर जे लिहिलंय ते यांच्या पोटात जातं. घरच्या बाटलीवर मी लिहीन ते."

आम्हा दोघींनाही त्यातलं काही येत नव्हतं. माल्टच्या डब्याबरोबर आलेलं पत्रक मी वाचायचे आणि वहिनी करायच्या. डब्यातला सातूचा काकवीसारखा घट्ट अर्क गरम पाण्यात विरघळवायचा, साखर घालायची, बादलीभर पाणी, वर यीस्ट. आठवड्याने बाटल्यांत भरायचं, प्रत्येक बाटलीत अर्धा चमचा साखर, म्हणजे फेस येतो. सोपं होतं. पण वहिनींनी आयुष्यभर आंबोळीचं पीठ आंबवलेलं होतं. पाचव्या दिवशी वरचा फेस खाली बसला तेव्हा त्या म्हणाल्या, झालं हे, भरू. पत्रकात दोन दिवस लागोपाठ कांडी सोडून आकडा तोच येतो का, म्हणजे आंबणं संपलं का, पाहा म्हटलं होतं. मी वाचून दाखवलं. "आंबलेलं मला कळत न्हाई व्हय?" असं म्हणून त्यांनी बाटल्या भरल्या, वर साखर चमचाभर घातली आणि चाळीसच्या चाळीस बॉयलरच्या कपाटात ठेवल्या. इथल्या घरांत वरच्या मजल्यावर गरम पाण्याच्या टाकीचं कपाट असतं, लोक त्यात टॉवेल उबेला ठेवतात. वहिनींचं दही तिथे लागायचं, इडलीचं पीठ तिथे फुगायचं, दादांचे शर्टही तिथेच वाळायचे. थंड देशातली सगळ्यात उबदार जागा त्यांनी बिअरला दिली. आत आंबणं चालूच होतं, वर साखर, वर ऊब. दहाव्या दिवशी बाटल्या फुटू लागल्या.

हॉस्पिटलमधल्या नर्सने भुवईवर पाच टाके घातले आणि हसून म्हणाली, माझ्या वडिलांनी असंच गॅरेजचं छप्पर उडवलं होतं. वहिनी तिच्याबरोबर हसल्या. परतताना टॅक्सीत मात्र दातओठ खात होत्या. "आयुष्यात एकदा अंदाजानं केलं. एकदाच."

त्यानंतर त्या बदलल्या. एक वही केली, रोजचा आकडा देवनागरीत लिहायचा. बादलीला जुनी गोधडी, गोधडीत थर्मामीटर. बाटल्या आता गार पँट्रीत. आणि प्रत्येक खेपेला एक बाटली त्या बिअरऐवजी उकळून गार केलेल्या पाण्याने भरायच्या, बूच मारायच्या आणि तिच्या गळ्याला लाल दोरा बांधायच्या. कांडी आधी त्या पाण्यात सोडून बघायची, आकडा बरोबर हजार आला तर कांडी खरी. आण्णा असं करायचे. त्या लाल दोऱ्याचं दादांना काही माहीत नव्हतं. ते बादलीच्या जवळही जात नसत.

तिसऱ्या खेपेपासून वहिनी बिअर हलकी करू लागल्या. माल्ट अर्धा, साखर नावाला, पाणी तेवढंच. नुसतं पाणी लागू नये म्हणून रंगाला काळी काकवी, आणि कडूपणाला गावाहून मागवलेलं काडेचिराईत उकळून त्याचा काढा. मी चमचाभर चाखलं तर कानापर्यंत कडू झाले. "कडू लागलं की पुरुषांना वाटतं ताकद हाय," त्या म्हणाल्या. बाटलीवर कागद चिकटवला: सहा टक्के. वहीत खरा आकडा.

आणि दादांना ती आवडली. आवडण्यापेक्षा, तिचा रुबाब आवडला. दुकानातला कॅन त्यांनी बंद केला. शनिवारी मित्र आले की बाटली उजेडात धरून ते हॉप्सच्या कडू फुलांवर आणि यीस्टवर वीस मिनिटं बोलायचे. "ही आपली. घरची. सहा टक्के. हळू प्या." वहिनी भजी तळत ऐकायच्या. लोक म्हणायचे, वहिनी, तुम्ही नशीबवान, नवऱ्याला छंद आहे.

खिडक्या लागायच्या थांबल्या नाहीत. पण वहिनींच्या शब्दांत, हात हलका झाला. जिथे पंधरा दिवस सूज राहायची तिथे चार दिवसांत उतरू लागली. वहिनी कॅलेंडरवर महिने खोडत होत्या. अकरा. नऊ. सहा.

तीन राहिले तेव्हा सरकारने नियम बदलला. चार वर्षांची पाच झाली. जे आधीपासून इथे होते त्यांनाही तोच नियम. मी ऑफिसात वाचलं आणि घरी येऊन सांगितलं. वहिनी सिंकपाशी बाटल्या धूत होत्या. त्यांनी हातातली धुऊन झाली ती पालथी ठेवली, दुसरी घेतली, आणि ती ओट्याच्या कडेवर इतक्या जोरात मारली की गळा त्यांच्या मुठीत राहिला. मग मूठ उघडून पाहिलं. "पंधरा महिने," त्या म्हणाल्या, आणि हात नळाखाली धरला.

त्या उन्हाळ्यात शेजारच्या खिडक्यांवर फुटबॉलसाठी इंग्लंडचे झेंडे लागले होते. एका रविवारी दुपारी दादांनी मागच्या बागेत बार्बेक्यू ठेवला. मंडळातली चार कुटुंबं, आणि ऑफिसातला ग्रॅहम नावाचा एक इंग्रज. ग्रॅहम स्वतः वीस वर्षं घरी बिअर करत होता, हे दादांनी त्याला आणलं तेव्हा त्यांना माहीत नव्हतं.

त्याने घोट घेतला, जिभेवर फिरवला आणि प्रेमाने म्हणाला, "छान आहे. हलकी. आमची आजी आम्हा पोरांना अशी द्यायची."

दादा हसले. "हलकी? सहा टक्के आहे."

"शक्य नाही, मित्रा. सुरुवातीला आकडा किती होता?"

दादांना आकडा माहीत नव्हता, पण वही कुठे असते ते माहीत होतं. "थांब, आमच्याकडे सगळं लिहिलेलं असतं," म्हणून ते आत गेले आणि वही घेऊन आले. वहिनी हातात कणसांचं ताट घेऊन उभ्या होत्या. ग्रॅहमला देवनागरी आकडे वाचता येईनात, म्हणून दादांनीच ते सगळ्यांसमोर मोठ्याने इंग्रजीत वाचले. सुरुवातीला एक हजार वीस. शेवटी एक हजार पाच.

ग्रॅहमने वर पाहत मनात वजाबाकी केली. "म्हणजे दोन टक्के. हे तर सरबत झालं." आणि मनापासून हसला. मंडळी पण हसली. कुणीतरी मराठीत म्हणालं, "प्रकाशराव, वर्षभर सरबत पिऊन झोकांड्या खाताय होय?"

दादाही हसले. सगळ्यांना दुसरी बाटली दिली. साडेपाचला शेवटच्या पाहुण्यांची गाडी गेली तेव्हा ते फाटकात उभे राहून हात हलवत होते. मी वर माझ्या खोलीत गेले.

पुढचं मला नीट लिहायला हवं. ऊन होतं. मी पलंगावर बसले होते. टक. थोड्या वेळाने टक. मग जिन्यावरची, माझ्या दाराबाहेर हातभर अंतरावरची, टक. मी स्वतःला सांगितलं, वारा सुटला असेल. मग खाली मोठा आवाज झाला आणि काच सांडली. मी स्वतःला सांगितलं, बाटली फुटली.

मी बसून राहिले. या वेळी आकडे मोजले नाहीत, त्यामुळे किती वेळ गेला ते सांगता येणार नाही.

खाली गेले तेव्हा दादा बागेत ग्रिल घासत होते. स्वयंपाकघरात वहिनी जमिनीवर होत्या. उजवा गाल फाटून आतला दात दिसत होता. आजूबाजूला बिअर, रक्त, बाटलीचा तळ. वहीचं पान त्यांच्या तोंडात कोंबलेलं होतं, ते मी बोटांनी काढलं. त्यांनी आधी बोलायचा प्रयत्न केला तो मला गप्प करण्यासाठी. "बाटली फुटली," त्या म्हणाल्या. "तू ऐकलंस. बाटली फुटली."

हॉस्पिटलमध्ये कॉम्प्युटरवर आधीची नोंद होती: घरची बिअर, फुटलेली बाटली. डॉक्टरने मान हलवली. नर्स दुसरी होती, वयस्क. तिने मला बाजूला घेतलं आणि विचारलं, "तू स्वतः पाहिलंस?" मी म्हटलं, मोठा आवाज ऐकला. हे खरं होतं. तिने पडदा ओढला.

त्यानंतर दादा बादलीजवळ जाऊ लागले. ग्रॅहमकडून कृती आणली, साखर आपल्यासमोर घालून घेऊ लागले, वही तपासू लागले; लाल दोऱ्याच्या बाटलीबद्दल मात्र त्यांनी कधी विचारलं नाही. बिअर खरंच सहा टक्के झाली. वर व्हिस्की आली. हिवाळ्यात वहिनींची दोन बोटं मोडली, तेव्हा त्यांनी फॅक्टरीत फ्रीझरचं दार लागल्याचं सांगितलं. नवीन वर्षात माझं काम वॉटफर्डला हललं. मला सुटल्यासारखं वाटलं, आणि ते वहिनींनी ओळखलं.

"जा तू," त्या म्हणाल्या. "तुझ्यासमोर मार खायची मला लाज वाटती."

मधल्या महिन्यांत आम्ही चार-पाचदा फोनवर बोललो, फॅक्टरीच्या जेवणाच्या सुट्टीत. एकदा म्हणाल्या की सगळ्या बाटल्या आता परत बॉयलरच्या कपाटात ठेवल्यात, शर्टांच्या खाली. प्रत्येकीत, दादांच्या नकळत, पाच चमचे साखर. मला आधी कळलं नाही. कळलं तेव्हा मी म्हटलं, "वहिनी, कपाट दादा उघडतात." "व्हय," त्या म्हणाल्या. "रोज सकाळी." मग त्यांची सुट्टी संपली.

त्यानंतर आठ दिवसांनी, एका शनिवारी सकाळी, फोन आला. "पासपोर्ट आले. मी सही करून घेतलेत. हे क्रिकेटला गेलेत. गाडी घेऊन ये."

मी पोचले तेव्हा बॅग फाटकात होती आणि मागून स्फोट ऐकू येत होते. एकामागून एक, मोजून अंतर ठेवून. मी या वेळी थांबले नाही. बॅग उचलून घराच्या बाजूच्या बोळातून सरळ मागे गेले.

वहिनी शेडच्या उघड्या दाराआड उभ्या होत्या. डोळ्यांवर फॅक्टरीतला गॉगल, हातांत ओव्हनचे मोजे. कपाटातल्या बाटल्या त्यांनी ओल्या गोधडीत गुंडाळून खाली आणल्या होत्या आणि एकेक बागेच्या टोकाच्या विटांच्या भिंतीवर फेकत होत्या. बाटली भिंतीला लागायच्या आधीच फुटल्यासारखी वाटायची. फेस कुंपणापेक्षा उंच जायचा. भिंतीपाशी गुलाबाच्या झाडाला पान राहिलं नव्हतं.

"परवापर्यंत मी म्हणत हुते, कपाटात तशाच राहू देत," त्या माझ्याकडे न बघता म्हणाल्या. "सकाळी दार उघडतील, तोंड बरोबर समोर. सगळं मोजलं हुतं मी. मग आज शिक्का आला." अजून एक फेकली. "यांच्या डोळ्यांपायी आता तुरुंगात जाऊ व्हय?"

शेजारची म्हातारी कुंपणावरून डोकावली. "एव्हरीथिंग ऑलराइट, लव्ह?"

"बॅड बॅच," वहिनी म्हणाल्या.

गोधडीत एकच बाटली उरली होती तेव्हा दादा बोळातून आले. मैदान ओलं म्हणून मॅच झाली नव्हती. पांढरे कपडे, हातात बॅट. त्यांनी भिंत पाहिली, गॉगल पाहिला, माझ्या हातातली त्यांच्या बायकोची बॅग पाहिली. "नंदा," ते मऊ आवाजात म्हणाले, "आत चल." आणि बॅटवरची पकड बदलली.

वहिनींनी गॉगल कपाळावर सरकवला. शेवटची बाटली उचलली, गळ्याशी मूठ धरून. मला वाटलं आता डोक्यात घालतात. त्यांना ती घालता आली असती. अंतर सहा पावलं होतं आणि मनगट तेच होतं.

"अहो," त्या म्हणाल्या, "झेला."

आणि हळूच, खालून, टाकली.

दादा क्रिकेटर होते. बॅट गवतात पडली आणि दोन्ही हातांनी, छातीशी घेत, त्यांनी बाटली झेलली.

"आता हलू नका. पाच चमचे साखर हाय आणि आठ दिवसांची ऊब. खाली ठेवली तरी फुटंल."

दादांचे हात हळूहळू अंगापासून लांब गेले. मान वळली, डोळे बारीक झाले. वहिनी त्यांच्या शेजारून निघाल्या, टाचा आपटत, आणि मी मागून. जाताना मी इतक्या दिवसांत पहिल्यांदा दादांच्या चेहऱ्याकडे नीट पाहिलं. आता डोळे घट्ट मिटले होते. मग हातांकडे पाहिलं. त्यांच्या बोटांमधून, बाटलीच्या गळ्याला बांधलेला लाल दोरा लोंबत होता.

उकळून गार केलेलं पाणी होतं त्यात. दादांना ते माहीत असायचं काही कारण नव्हतं.

गाडी सुरू केली तेव्हा आरशात ते बोळाच्या तोंडाशी तसेच दिसत होते, हात पुढे ताणून, नैवेद्य धरल्यासारखे. वहिनींनी मागे पाहिलं नाही. मी विचारलं कुठे सोडू, तर म्हणाल्या, रेडिंग स्टेशनला. पुढे कुठे ते सांगितलं नाही. "तुला खोटं बोलता येत न्हाई आणि खरं बोलवत न्हाई," त्या म्हणाल्या. "म्हणून सांगत न्हाई." त्यात राग नव्हता. थर्मामीटरवरचा आकडा वाचावा तसं म्हणाल्या.

कोपऱ्यावर वळताना त्यांनी पट्टा लावला आणि गळ्याचं बटण सोडलं.

"खिडकी उघड गं."

मी त्यांच्या बाजूची उघडली.

"सगळ्या."

मी चारही बटणं दाबली. गार वारा आत आला. रेडिंग येईपर्यंत त्यांच्या केसांतून काचेचा बारीक चुरा खांद्यावर, सीटवर पडत राहिला, आणि त्यांनी तो झटकला नाही.